शंकासुराची वही

डेंटर घराला कुलूप लावतो तेव्हा ते तीनदा ओढून बघतो. पहिल्यांदा कुलूप लागलं का म्हणून, दुसऱ्यांदा आपण नीट ओढलं का म्हणून, आणि तिसऱ्यांदा जिन्याच्या चार पायऱ्या उतरून, परत वर येऊन, मधल्या वेळात कोणी काही केलं तर नाही ना म्हणून. तोवर बायको खाली रस्त्यावर पोचलेली असते. ती वर बघत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर माणूस वर बघायचं सोडून देतो.

बसच्या वर्कशॉपमध्ये त्याचं काम ठोकाठोकीचं. धडकेत चेपलेला पत्रा, एका बाजूनं लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूनं हातोडीनं ठोकत पुन्हा सरळ करायचा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण वर्कशॉपात त्याला कामावरून कोण ओळखतो? सगळे त्याला शंकासुर म्हणत. हा डबा उघडला की आधी झाकणाची आतली बाजू बघणार, चहाचा कप शेजाऱ्याशी बदलून घेणार, मस्टरवर सही केली की वरच्या दोन सह्या वाचणार. साहेबांनी कधी चुकून “छान काम केलंस” म्हटलं तर दिवसभर त्याच्या मनात पाल चुकचुकत राही. साहेब उगाच कशाला छान म्हणतील? यात कुठंतरी पाणी मुरतंय.

हे भूत जन्माबरोबर आलेलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक ट्रक केला होता. औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची चाकं, सायकलच्या घंटीचा अर्धा भाग बॉनेट म्हणून. सुट्टीत राहायला आलेला मावसभाऊ जाताना तो ट्रक पिशवीत घालून घेऊन गेला, आपल्या शाळेच्या प्रदर्शनात मांडून पहिला आला. बक्षीस घेताना बघायला मावशीनं सगळ्यांना बोलावलं होतं. त्याची आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. “आई, तो माझा आहे,” असं त्यानं तिच्या कानात सांगितलं तर ती म्हणाली, “असू दे रे, आपलाच माणूस आहे.” तेव्हापासून ‘आपला माणूस’ हे शब्द ऐकले की डेंटर आधी खिसा चाचपतो. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. हा पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला.

ट्रकचं वेड मात्र सुटलं नाही. पुढं एकदा कुठल्याशा हॉटेलातल्या टीव्हीवर त्यानं वाळवंटातली शर्यत पाहिली. उंच चाकांचे ट्रक टेकाडांवरून उड्या मारत होते, धूळ खात होते आणि चेपलेल्या अंगानं तसेच पुढं पळत होते. जन्मभर पोचे काढणाऱ्या माणसाला, पोचा पडूनही न थांबणारी गाडी पहिल्यांदाच दिसली. समोरचा चहा निवून गेला. त्या दिवसापासून तो तसे ट्रक बनवू लागला, खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचे, रिमोटवर पळणारे. दुकानात तयार भागांची खोकी मिळतात, त्याला तो ‘शिळं अन्न’ म्हणे. मोटर, बॅटरी आणि रिमोट सोडलं तर सगळं घरचं. पितळी नळ्यांना डाग देऊन जोडलेली चासी, सायकलच्या स्पोकचा ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा, बुटाच्या लेसचे सीटचे पट्टे. आग विझवायचं नळकांडं म्हणजे बायकोच्या लिपस्टिकचं टोपण. ते टोपण कुठं गेलं हे बायकोला तीन वर्षांनी कळलं. संशय घ्यायचं काम घरात एकाच माणसाकडे असल्यामुळे तिनं ते शोधलंच नव्हतं.

डेंटर ट्रक घडवायचा आणि पेंटर रंगवायचा. पेंटर म्हणजे वर्कशॉपातला त्याचा भिंतीपलीकडचा शेजारी, आणि शंकासुराचा एकुलता एक मित्र. बावीस वर्षं दोघांचं काम एकमेकांना बांधलेलं होतं. डेंटरनं सरळ केलेला पत्रा पलीकडे गेला की पेंटर डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला लागते. लागली, की तो कानामागची पेन्सिल काढून तिथं एक छोटा गोल करायचा आणि पत्रा परत पाठवायचा. तोंडानं अवाक्षर नाही. बावीस वर्षांत “इथं चुकलंय” असं तो एकदाही म्हणाला नव्हता. डेंटर त्या गोलाला शिव्या घालत पत्रा पुन्हा ठोकायचा, पण गोल योग्य जागी आहे हे त्यालाही ठाऊक असायचं.

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत या छंदवाल्यांची वर्षातून एकदा शर्यत भरे. वीस-पंचवीस जण, सगळे पोटासाठी दुसरंच काही करणारे. त्यात एक चष्मेवाला होता. चष्म्यांचं दुकान, मऊ बोलणं, स्वच्छ नखं. ज्याची नखं स्वच्छ, त्यानं स्वतः ट्रक बनवला असेल यावर डेंटरचा विश्वास बसत नसे. तीन वर्षं लागोपाठ चष्मेवालाच पहिला येत होता. आणि गेल्या वर्षी तर कहर झाला. डेंटरनं आपल्या ट्रकच्या मागच्या हौद्यात दोन जादा चाकं तिरपी कलवून बसवली होती. चष्मेवाल्याच्या ट्रकमध्ये तशीच दोन चाकं, तश्शीच कलती. खरे शर्यतीचे ट्रक जादा चाकं तशीच ठेवतात, पोरंटोरंही चित्रात बघतात, असं पेंटरनं त्याला सांगून पाहिलं. पण डेंटरनं ते कानाआड केलं. त्याचं ठरलं होतं. कोणीतरी आपली वही फोडतंय.

वही म्हणजे डेंटरचा जीव की प्राण. चौकटींच्या कागदाची, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक ट्रकचं प्रत्येक माप तिच्यात शाईनं लिहिलेलं. ती लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. शर्यतीनंतर नव्या ट्रकचं काम काढताना त्याला एक युक्ती सुचली आणि तो स्वतःवरच खूश झाला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर त्यानं मनाशी ३२२ मिलिमीटर धरलं होतं. वहीत त्यानं शांतपणे, सुबक अक्षरात लिहिलं, ३२८. चोरानं उतरवून घेतलं तर त्याची गाडी फसेल, आणि फसलेली गाडी बघून चोर कोण तेही कळेल. खोटा आकडा शाईत, खरा डोक्यात. डोक्याला कोण कुलूप फोडून शिरणार आहे? अशा आणखी काही पाचरी त्यानं पुढच्या पानांवर मारून ठेवल्या. खोट्या आकड्यापुढं खूण म्हणून साधं टिंबही ठेवलं नाही, कारण टिंब चोरालाही दिसलं असतं.

मग त्यानं लाकडी साचा तासला आणि पातळ पत्रा त्यावर ठोकत ट्रकचं वरचं कवच बनवलं. चारही चाकांवर पत्र्याला गोल फुगवटे आणले. ते काम असं उतरलं की पेंटरनं डोळे मिटून हात फिरवला आणि पेन्सिल कानामागंच राहू दिली. “बावीस वर्षांत पहिल्यांदा,” पेंटर म्हणाला, आणि कवच फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून रंगवायला घरी घेऊन गेला. चाकांच्या कमानी कापायचं कामही त्याच्याकडेच असे, कारण कापलेल्या कडेवर रंग कसा वळवायचा ते त्यालाच ठाऊक.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढं डेंटर बसच्या टपावरून उतरताना शिडीवरून घसरला आणि मनगट मोडून घेतलं. सात आठवडे प्लास्टर, मग बोटं वळेनात म्हणून आणखी तीन महिने. ट्रकला हात लागला नाही. चासी करायला तो बसला तेव्हा वही लिहून आठ महिने झाले होते. त्यानं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पान उलटलं.

शाईतल्या ३२८ भोवती पेन्सिलीचा एक छोटा गोल होता. बाजूला बारीक अक्षरात, ३२२.

तो गोल कोणाचा हे विचारायला नको होतं. रोज डझनभर तसले गोल त्याच्या पत्र्यावर असत.

“माझ्या कपाटाला कोणी हात लावला?” त्यानं स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

“मी लावला,” बायको म्हणाली. “तुमचा हात प्लास्टरमध्ये होता, त्यात ताप चढला होता, आठवतंय का? पेंटरभावजी आले होते. चाक किती वर उचलतं ते बघायचं म्हणाले, कमान कापायला.”

“आणि किल्ली?”

“गळ्यातून काढली. तुम्ही घोरत होतात.”

“किती वेळ वही त्याच्याकडं होती?”

“दहा मिनिटं असतील. चहा होईपर्यंत.”

“दहा मिनिटं!” डेंटर खुर्चीतच बसला. “दहा मिनिटांत माणूस मोबाईलवर पूर्ण वही उतरवून घेतो. आणि वर माझ्याच आकड्यात खाडाखोड?”

“अहो, मग विचारा ना त्यांना.”

पण विचारेल तो शंकासुर कसला! विचारलं की चोर सावध होतो. त्यानं न विचारता जुळवाजुळव सुरू केली, आणि संशयाचं एक आहे, जुळवायला बसलं की सगळं जुळतं. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं बसच्या खिडकीतून पेंटरला चष्मेवाल्याच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. पेंटरला चष्मा नव्हता. मग त्याचं तिथं काय काम? दुसऱ्या दिवशी “काल कुठं होतास?” असं सहज विचारल्यावर पेंटर म्हणाला होता, “घरीच की.” झालं. पेंटर वही फोडतो, आकडे चष्मेवाल्याला देतो, आणि जाता जाता इथं चुकीचा आकडा घालून ठेवतो, म्हणजे डेंटरची गाडी आपोआप मागं पडणार. इतकं चोख जुळल्यावर माणसाला झोप कशी लागेल?

आणि याच रागात त्याच्या डोक्यातली खरी गोष्ट कुठंतरी सांडून गेली. ३२८ आपणच मुद्दाम लिहिला होता, हे आठ महिन्यांत पुसट झालं होतं. समोरचा पेन्सिलीचा गोल बघून ते साफ पुसलं गेलं. दिसत होतं ते एवढंच, की शाई आपली आहे आणि पेन्सिल त्याची. आपल्या शाईवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या? त्यानं खोडरबर घेतलं, गोल पुसला, कागद खरवडेपर्यंत पुसला, आणि तीनशे अठ्ठावीसची चासी बांधली. ॲक्सल, स्प्रिंगा, स्टिअरिंगचा दांडा, सगळं निगुतीनं. चुकीच्या आकड्यावर इतकं सुंदर काम त्या वर्कशॉपातल्या कोणीही आजवर केलं नसेल.

शर्यतीच्या महिनाभर आधी खाणीत सरावाचा रविवार असे. पेंटर कवच घेऊन आला. गडद मातकट रंग, त्यावर पिवळे पट्टे, दारांवर खरचटल्याच्या खुणा आणि खालच्या कडेला वाळलेल्या चिखलाचे असे शिंतोडे की एकानं ते नखानं काढून पाहिले. सात आठवड्यांची मेहनत होती ती. चार पिना लावून कवच चासीवर बसवलं. लोक वा वा करू लागले.

डेंटरला मात्र लगेच दिसलं. मागच्या टायरच्या पाठीशी जेवढी फट हवी तेवढी नव्हती. टायर कमानीच्या मागच्या कडेला जवळजवळ चिकटत होता. कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, थांब रे, इथं घासेल. डेंटर काही म्हणाला नाही. त्याला वाटलं, आता सापडतोय. मुद्देमालासकट सापडू दे.

ट्रक पहिल्या टेकाडावरून छान गेला, दुसऱ्यावरूनही गेला. तिसऱ्यावरून त्यानं उंच उडी घेतली, मागच्या चाकांवर आदळला, स्प्रिंगा पूर्ण दबल्या, टायर वर कमानीत घुसला आणि कडेत अडकला. चाक जागीच थांबलं, बाकी गाडी थांबली नाही. दोन कोलांट्या खाऊन ट्रक दगडांवर उताणा पडला. पिंजरा चेपला, डावीकडची मागची कमान फाटून पत्रा बाहेर आला.

“बघितलंत?” डेंटर ओरडला. सगळे त्याच्याकडे वळले. “कमान पुढं सरकवून कापलीय यानं! मुद्दाम!”

पेंटर गुडघ्यावर बसून ट्रक सरळ करत होता. “मी फुगवट्याच्या मधोमधच कापलीय,” तो म्हणाला. “तूच ठोकलेला फुगवटा.”

“आणि माझ्या वहीत खाडाखोड कोणी केली? मी तापानं फणफणलेलो असताना? बोल ना! चष्मेवाल्याच्या दुकानात कशाला जातोस तू? बावीस वर्षं शेजारी उभा राहून केसानं गळा कापलास माझा.”

चष्मेवाला तिथंच उभा होता. तो काहीतरी बोलायला पुढं झाला, पण पेंटरनं हात वर करून त्याला थांबवलं.

“वहीत लिहिलं ते मीच,” पेंटर म्हणाला. एवढंच. त्यानं चार पिना काढल्या, फाटलेलं कवच फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं आणि खाणीच्या चढावरून पायी निघून गेला. डेंटरला जिंकल्यासारखं वाटलं. कबुली मिळाली होती. ते जिंकणं बसस्टॉपपर्यंत टिकलं.

सोमवारी त्यानं एक पत्रा पलीकडे पाठवला. परत आला नाही. दुसरा पाठवला, तोही आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. आठवडाभरात एकसुद्धा गोल आला नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि हात तर अजून पूर्ण सुधारलेला नव्हता. पाणी मुरतंय म्हणून त्यानं शनिवारी एका दारात मुद्दाम अंगठ्याएवढा खड्डा तसाच ठेवला. बघू, आता काय करतो. दुपारी भिंतीच्या टोकाला उभं राहून त्यानं पाहिलं. पेंटरचा तळहात खड्ड्यावर थांबला. पेन्सिल कानामागं होती, तिच्याकडं हात गेला नाही. पेंटरनं पुट्टीचा डबा ओढला, खड्डा स्वतः भरला, घासला आणि दार रंगवून टाकलं.

डेंटर आपल्या जागी परत आला आणि हातोडी घेऊन उगाच बसून राहिला. भांडला असता तर चाललं असतं, साहेबांकडे तक्रार केली असती तरी चाललं असतं. पण आता पेंटर त्याच्या चुकाही त्याला परत द्यायला तयार नव्हता. त्याला फार एकटं वाटलं, आणि असं वाटण्यामागं कोणाचा हात आहे हे शोधायचं त्याला सुचलंही नाही.

तरी हेका सुटेना. कवच गेलं तर गेलं, नवं करू, रंगही आपणच मारू. शर्यतीला पंधरा दिवस होते. रविवारी दुपारी त्यानं पलंगाखालून लाकडी साचा ओढून काढला, धूळ झटकली, आणि अंदाज घ्यायला तो चासीवर धरला. पुढची चाकं पुढच्या फुगवट्याखाली बरोबर आली. मागची आली नाहीत.

“साचा बदलला,” तो पुटपुटला.

“काय?” बायको कपडे वाळत घालत होती.

“कोणीतरी साचा बदललाय. हा माझा नाही.”

बायकोनं हातातली उशीची खोळ बादलीत टाकली आणि ती येऊन उभी राहिली. “पलंगाखालचं लाकूड चोरायला आलं होतं का कोणी? तेही तसंच दुसरं ठेवून? उलटं करून तरी बघा.”

त्यानं साचा उलटा केला. पोटाला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं, त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ३२२. खाली दोन रेघा. खरा आकडा लिहिला की तो खाली दोन रेघा मारतो.

मग सगळं आठवलं. निळी वही, सुबक अक्षर, लिहिताना आलेलं हसूसुद्धा. हाताला खरं माहीत होतं आणि हातानं खरंच ठोकलं होतं. पेंटरनं पत्र्यावर ३२२ मोजला, वहीत ३२८ वाचला, त्याला वाटलं मित्राची चूक झालीय, आणि चूक दिसल्यावर तो जे आयुष्यभर करत आला तेच त्यानं केलं. गोल.

“सापडला का चोर?” बायकोनं विचारलं. तिला टोमणा मारायचा होता, पण नवऱ्याचं तोंड बघून ती बादलीकडे परत वळली.

डेंटरनं वही शर्टाच्या आत खोचली आणि निघाला. कुलूप ओढायचं नव्हतं, बायको घरीच होती.

पेंटर एका लाँड्रीवर दुसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. दार उघडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. डेंटर बघतच राहिला.

“रंगवताना जवळचं दिसेना,” पेंटर म्हणाला. “वर्कशॉपात कळलं तर रंगावरून काढून गोदामात बसवतील, म्हणून गुपचूप करून घेतला. तुला सांगणार होतो. मग म्हटलं, तू विचारशील, कशावरून.”

डेंटरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. “साच्यावर ३२२ आहे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. आत ये.”

टेबलावर कवच होतं. फाटलेली कमान तशीच होती, पेंटरनं तिला हात लावला नव्हता. फक्त फाटलेल्या जागेभोवती पेन्सिलीचा एक छोटा गोल होता. वर्कशॉपात बंद झालेला तो गोल इथं, घरी, दोन आठवड्यांपासून त्याची वाट बघत बसला होता.

“होतं रे असं,” पेंटर म्हणाला. त्यानं खुर्ची पुढं सरकवली. “लिहिताना दोनाच्या जागी आठ पडतो. वय झालं आपलं.”

डेंटरच्या समोर सुटकेचं दार सताड उघडलं होतं. नुसतं “हो” म्हटलं असतं तरी भागलं असतं. माफी मागायची, चहा प्यायचा, कमान ठोकायची आणि घरी जायचं. पेंटरनं पुन्हा कधी विचारलं नसतं. डेंटरनं तोंड उघडलं, मिटलं, आणि परत उघडलं.

“पडला नाही. मीच टाकला.”

“म्हणजे?”

“मुद्दाम लिहिला. कोणी चोरून वही बघितली तर त्याची गाडी फसावी म्हणून.”

“कोणी म्हणजे कोण?” पेंटरनं विचारलं. “अरे, तुझ्या घरी माझ्याशिवाय येतं तरी कोण?”

“तूच,” डेंटर म्हणाला. “तुझ्यासाठीच लिहिला होता.”

खालून लाँड्रीतल्या इस्त्रीचे ठोके ऐकू येत होते. पेंटरनं चष्मा काढला, फ्लॅनेलच्या टोकानं एकेक काच पुसली, बराच वेळ पुसली. चष्मा परत घातला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही.

“मग?” तो म्हणाला. “सापडलो का मी?”

लाजेनं त्याचे कान तापले होते. नऊ वर्षांच्या पोराचा ट्रक मावसभावानं नेला, आणि त्याची भरपाई तो चाळीस वर्षांनी ज्यानं काहीच नेलं नाही त्याच्याकडून वसूल करत होता.

“वही आणलीयस?” पेंटरनं विचारलं.

डेंटरनं शर्टातून वही काढली.

“ती इथं राहील. गाडी होईपर्यंत. आकडा लागला की इथं यायचं आणि माझ्यासमोर बघायचा.”

डेंटरची बोटं वहीवरून सुटेनात. गळ्यातली किल्ली एकाएकी टोचू लागली. पेंटर हात पुढं करून नुसता थांबला होता. शेवटी डेंटरनं वही टेबलावर, कवचाशेजारी ठेवली आणि मागं न बघता जिना उतरला.

बसस्टॉपवर तो बाकावर बसला. वही नसलेला शर्ट हलका लागत होता. आणि मग त्याला पुढची पानं आठवली. स्टिअरिंगचा दांडा, पुढची स्प्रिंग, पिंजऱ्याची उंची. त्या पाचरी अजून तशाच होत्या. मनातली जुनी पाल लगेच बोलली, असू दे की, बघू, उतरवून घेतो का ते. ते ऐकून डेंटरला, जन्मात पहिल्यांदा, स्वतःचाच संशय आला. बस आली. तो उठला आणि उलट्या दिशेनं चालू लागला, दोन मजले चढून त्यानं दार वाजवलं.

पेंटरनं दार उघडलं. त्याच्या हातात पेन्सिल होती.

“अजून तीन ठिकाणी आहेत,” डेंटर धापा टाकत म्हणाला. “खोटे. स्टिअरिंगचा दांडा, पुढची स्प्रिंग आणि पिंजरा.”

“चार,” पेंटर म्हणाला.

“तीनच. मीच लिहिलेत ना?”

पेंटरनं वही त्याच्यापुढं धरली. त्या तिन्ही जागी नवे गोल होते, आणि मागच्या ॲक्सलच्या पानावर चौथा. “हाही बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही,” तो म्हणाला.

डेंटरनं आकडा वाचला. पुन्हा वाचला, वही खिडकीच्या उजेडात नेऊन वाचला. अक्षर सुबक होतं, शाई त्याचीच होती. पण तो खरा लिहिला होता की खोटा, ते त्याला काही केल्या आठवेना.

“बस,” पेंटर म्हणाला, आणि त्यानं मोजपट्टी काढली.